मजल आणि शिधा : निर्जन प्रदेशातील दीर्घ पायी प्रवासाचा हिशेब

अंतर मोजण्याची जुनी मापे तपासून पाहिली, तर त्यांतील बरीचशी मापे मुळात अंतराची नव्हेतच, असे ध्यानात येते. 'योजन' हा शब्द 'युज्', म्हणजे जुंपणे, या धातूपासून आला आहे. एकदा जुंपलेली जनावरे न सोडता जेवढी वाट चालतात, तेवढे योजन. 'क्रोश' म्हणजे हाक. तिच्यावरून आलेला आपला 'कोस' हा मुळात माणसाच्या आवाजाचा टप्पा. 'मजल' हा अरबी 'मंझिल'चा मराठी अवतार असून त्याचा मूळ अर्थ उतरण्याची जागा असा आहे. उतरण्याच्या जागेवरून तो शब्द दोन उतारांमधल्या वाटेला, म्हणजे एका दिवसाच्या चालीला लागला. इंग्रजीतील 'जर्नी' या शब्दाचे कूळही असेच आहे. जुन्या फ्रेंच भाषेत त्याच्या पूर्वजाचा अर्थ दिवसभराचे काम किंवा दिवसभराची वाट असा होता. एकमेकींशी संबंध नसलेल्या भाषांनी दिवस हेच वाटेचे माप ठरवावे, यात योगायोग नाही. चालणाऱ्याला वाट कळते ती दिवसांनी.

मजल हे लवचीक माप होय. सपाटीवरची मजल आठ कोसांची असेल, घाटातली तीन कोसांची; पावसाळ्यात एका मजलेची वाट दोन मजलांची होईल. त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही, कारण मजलेच्या शेवटी गाव असते आणि गावात विहीर, वाण्याचे दुकान व पाठ टेकण्यापुरते देऊळ असते. चाल मंदावली तर अलीकडच्या गावी मुक्काम करावा, एवढेच. परंतु जेथे पुढच्या दोनशे किलोमीटरांत गावच नाही, तेथे ही लवचीकता प्रवाशाच्या पाठीवर येऊन पडते. मजल आखूड झाली की दिवस वाढतात आणि प्रत्येक वाढलेला दिवस पिशवीतून शिधा काढतो. अशा प्रवासाची तयारी करणारे लोक बहुधा दोन कागद करतात : एकावर अन्नाची यादी, दुसऱ्यावर रोजच्या चालीचा तक्ता. वस्तुतः हे दोन कागद नव्हेत. अन्न किती दिवस पुरेल, या प्रश्नाचे उत्तर चालीत असते आणि रोज किती चालता येईल, याचे उत्तर बऱ्याच अंशी अन्नात असते. या परस्परावलंबनाची उकल करणे, आणि ते कोठे फसवते हे दाखवणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम अन्नाविषयी. मराठीने येथे एक भेद फार नेमका करून ठेवलेला आहे. शिजवून, बांधून बरोबर घेतली ती शिदोरी. कोरडा, अजून शिजवावयाचा तो शिधा. शिदोरी सोडली की खाता येते. तिला सरपण लागत नाही, भांडे लागत नाही. पण तिच्यात पाणी असते, म्हणून ती जड असते आणि लवकर विटते. शिधा हलका व टिकाऊ, परंतु तो मुक्कामावर पाणी, जळण, भांडे आणि वेळ या चार गोष्टी मागतो. शंभर ग्रॅम कोरड्या तांदळातून सुमारे ३५० उष्मांक मिळतात. शिजलेल्या शंभर ग्रॅम भातातून १३०. मधला फरक म्हणजे पाणी, आणि ते पाठीवरून नेण्यात काही अर्थ नसतो. (संस्कृतात वाटेवरच्या अन्नाला 'पाथेय'प्रमाणेच 'शंबल' असेही म्हणत. हिंदीत तोच शब्द 'संबल' होऊन नुसता 'आधार' या अर्थाने रुळला. ज्यांनी हा अर्थ वाढवला, त्यांनी लांबच्या वाटा चाललेल्या असाव्यात.)

वजन वाचवावयाचे तर स्निग्ध पदार्थांकडे वळावे लागते. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून किंवा प्रथिनापासून सुमारे चार उष्मांक मिळतात, स्निग्धापासून नऊ. तूप किंवा तेल यांच्या शंभर ग्रॅमांत नऊशेच्या जवळपास, शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर, साध्या बिस्किटांत साडेचारशेच्या आसपास उष्मांक असतात. कोरडे व बऱ्यापैकी स्निग्ध असे मिश्रण घेतले, तर तीन-साडेतीन हजार उष्मांकांचा एका दिवसाचा शिधा सातशे ते आठशे ग्रॅमांत बसतो. दहा दिवसांचे सात-आठ किलो झाले. येथपर्यंतचा हिशेब कोणीही करू शकेल. अडचण यापुढे सुरू होते.

उदाहरणादाखल कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतातली जॉन म्यूर वाट घेऊ. योसेमिटी खोऱ्यापासून माउंट व्हिटनीच्या ४,४२१ मीटर उंच शिखरापर्यंत जाणारी ही वाट सुमारे ३४० किलोमीटरांची आहे. तिच्या साधारण मध्यावर म्यूर ट्रेल रँच नावाचा एक तळ आहे. प्रवासी तेथे प्लॅस्टिकच्या बादलीत भरलेला शिधा टपालाने आगाऊ पाठवून ठेवतात. त्या तळापासून व्हिटनीच्या पायथ्याच्या सडकेपर्यंत उरते सुमारे १८० किलोमीटर वाट. तिला एकही सडक छेदीत नाही आणि तिच्यावर ३,६०० मीटरांहून उंच अशा पाच खिंडी आहेत. त्यांतील फॉरेस्टर खिंड तर चार हजार मीटरांच्या वर जाते. शिवाय अस्वलांपासून अन्न वाचवण्यासाठी या वाटेच्या मोठ्या भागात ते कठीण कवचाच्या डब्यात ठेवणे सक्तीचे आहे. नेहमीच्या वापरातला मोठा डबा साडेअकरा लिटरांच्या आसपास असतो आणि त्यात दाबून भरला तरी साधारण सात दिवसांचा शिधा मावतो. म्हणजे येथे बंधन वजनाचे नाही, आकारमानाचे आहे. शेंगदाणे व पोहे यांच्यात निवड करावयाची झाली तर येथे पोहे हरतात. वजनाने हलके असले तरी ते जागा खातात.

आता १८० किलोमीटर भागिले १० दिवस म्हणजे रोज १८ किलोमीटर, असा तक्ता करावा काय ? वेळेचा अंदाज करण्याचा एक जुना नियम विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली सांगितला. दर तीन मैलांस एक तास, आणि दर दोन हजार फूट चढास आणखी एक तास, असा तो नियम आहे. त्यानुसार ९०० मीटर चढाच्या १८ किलोमीटरांना पाच-सव्वापाच तास पुरावेत. नियम चांगला आहे. अजूनही वापरात आहे. पण त्यात ओझ्याला स्थान नाही आणि 'कितवा दिवस' या प्रश्नालाही नाही. हा दुसरा अभाव अधिक महत्त्वाचा. पहिल्या दिवशी ओझे सर्वांत जास्त असते आणि शरीर त्या श्रमाला सर्वांत कमी सरावलेले असते. त्यात उंचीवर भूक मंदावते. म्हणून पहिले दोन-तीन दिवस चाल कमी पडते आणि शिधाही उरतो. शेवटच्या दिवसांत सारेच उलटते : पाठ हलकी, पाय तयार, चाल मोठी आणि भूक भागता भागत नाही. ज्याने रोज सारखे चालावयाचे व सारखे खावयाचे असा तक्ता आखला, तो पहिल्या आठवड्यात न खाल्लेले अन्न वाहून नेतो आणि दुसऱ्या आठवड्यात उपाशी चालतो. अनुभवी प्रवासी मजल चढती ठेवतात आणि शिधाही चढता ठेवतात. त्यात पुन्हा खिंडींचे स्वतःचे म्हणणे असतेच. दुपारनंतर वादळे उठतात म्हणून खिंड सकाळी ओलांडावी लागते. त्यासाठी आदल्या रात्रीचा मुक्काम तिच्या पायथ्याशी पडला पाहिजे. मग एखादी मजल बारा किलोमीटरांवर थांबते, एखादी पंचवीसवर जाते. अठरा किलोमीटरांचा दिवस त्या तक्त्यात असतो, वाटेवर क्वचितच येतो.

दहा दिवसांचे अन्न डब्यात मावत नसेल, तर वाटेतून बाहेर पडून ते आणता येते. किअर्सार्ज खिंडीवरून ओनियन व्हॅलीच्या सडकेला उतरणारे बरेचजण हेच करतात. परंतु उतरण्यास एक दिवस, चढून परत येण्यास एक दिवस. हे दोन दिवसही खाऊन जातात. आणलेल्या अन्नातून आणण्याची किंमत वजा करावी लागते, हा नियम येथे छोट्या प्रमाणात दिसतो. मोठ्या प्रमाणात तो फार कठोर होतो.

तो कठोरपणा आकड्यांनी पाहण्याजोगा आहे. समजा, एक मनुष्य स्वतःचा बारा दिवसांचा शिधा वाहू शकतो. एकटा गेला तर तो सहा दिवस पुढे जाऊन सहा दिवसांत परत येईल. एक सोबती घेतला : चौथ्या दिवशी सोबत्याने आपल्याजवळच्या आठ दिवसांच्या शिध्यापैकी चार दिवसांचा पुढच्या गड्याला द्यावा आणि उरलेल्या चार दिवसांच्या शिध्यावर परतावे. पुढच्याजवळ पुन्हा पूर्ण बारा दिवस झाले. त्याची एकूण चाल सोळा दिवसांची, म्हणजे आठ मजल पुढे. दोन सोबती घेतले, तर नऊ मजल. तीन घेतले, तर नऊ पूर्णांक सहा दशांश. सोबती कितीही वाढवले, तरी सारे एकदमच निघणार असतील, परतीसाठी वाटेत काही ठेवावयाचे नसेल, तर बारावी मजल कधीच येत नाही. पहिला सोबती दोन दिवस मिळवून देतो, दुसरा एक, तिसरा त्याहून कमी. प्रत्येक जण स्वतःचा शिधा खातच असतो. यातून सुटका एकच : परतीचे अन्न पाठीवर न ठेवता वाटेवर ठेवणे, म्हणजे साठे करणे. पण साठा ठेवला की एक नवी अट लागू होते. तो नेमक्या ठिकाणी सापडला पाहिजे, आणि एका साठ्यापासून दुसऱ्या साठ्यापर्यंतचे अंतर पहिल्यातल्या शिध्यात चालून झाले पाहिजे. साठ्यांचे अंतर ठरवणारा मनुष्य, कळत न कळत, काही महिन्यांनंतरच्या एका थकलेल्या माणसाची मजल ठरवून टाकतो.

हे सारे ज्या प्रवासात उघडे पडले, तो म्हणजे १९११-१२ मधील रॉबर्ट स्कॉटचा दक्षिण ध्रुवाचा प्रवास. त्याच्यावर भरपूर लिहिले गेले आहे. बहुतेक लिखाण धैर्याची स्तुती तरी करते किंवा नेतृत्वाचे दोष तरी काढते. दोन्हींत एक गोष्ट दुर्लक्षिली जाते. त्या प्रवासाचा अन्न व चाल यांचा हिशेब अत्यंत काळजीपूर्वक मांडलेला होता, आणि फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत तो कागदावर फारसा चुकलेलाही नव्हता.

जाऊन-येऊन वाट सुमारे २,८५० किलोमीटरांची. आधी रॉस बर्फफलकाचा सपाट विस्तार, मग बिअर्डमोर हिमनदीची सुमारे दोनशे किलोमीटरांची चढण, मग तीन हजार मीटर उंचीचे पठार. वाट नवी नव्हती. अर्नेस्ट शॅकल्टन १९०८-०९ मध्ये याच वाटेने गेला होता. त्याने चौघांसाठी ९१ दिवसांचा शिधा घेतला आणि रोजचा वाटा कमी करीत करीत तो ११० दिवसांवर ताणावयाचे ठरवले. ९ जानेवारी १९०९ रोजी, ध्रुव ९७ भौगोलिक मैलांवर, म्हणजे सुमारे १८० किलोमीटरांवर असताना, तो मागे फिरला. परतीच्या वाटेवर एका साठ्यावरून दुसऱ्या साठ्यावर पोचेपर्यंत त्या चौघांची पिशवी जवळजवळ रिकामी होत असे. ते वाचले, याचे बरेच श्रेय पाठीमागून आलेल्या वाऱ्याला आणि स्लेजवर उभारलेल्या शिडाला द्यावे लागते. स्कॉटने शॅकल्टनचे रोजचे आकडे बरोबर नेले होते आणि आपल्या चालीशी तो ते पुनःपुन्हा ताडून पाहत असे. येथे एक बारीकसा धोका होता : ज्या चालीशी तो तुलना करीत होता, ती चाल उपाशी माणसांची आणि अनुकूल वाऱ्याची होती.

शिधा ठरवण्यासाठी स्कॉटच्या चमूने प्रयोगही केला होता. १९११ च्या ऐन हिवाळ्यात विल्सन, बावर्स व चेरी-गॅरार्ड हे तिघे केप क्रोझियरला गेले. त्या पाच आठवड्यांत एकाने बिस्किटे जास्त, दुसऱ्याने पेमिकन जास्त व तिसऱ्याने लोणी जास्त खाऊन पाहिले. (पेमिकन म्हणजे वाळवून कुटलेले मांस व चरबी यांचा गोळा, उत्तर अमेरिकेतील क्री भाषेत 'पिमी' म्हणजे चरबी, त्यावरून हा शब्द.) त्या अनुभवातून पठारावरचा रोजचा शिधा ठरला : बिस्किटे ४५४ ग्रॅम, पेमिकन ३४० ग्रॅम, साखर ८५ ग्रॅम, लोणी ५७ ग्रॅम, आणि थोडा कोको व चहा. एकूण वजन एक किलोला किंचित कमी. उष्मांक साधारण साडेचार हजार. त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे हा शिधा उदार होता. हा शिधा चौघांना आठवडाभर पुरेल अशा भागांत बांधला होता आणि परतीच्या साठ्यांवरही एकेका आठवड्याच्या मापाने ठेवला होता. बर्फफलकावर एका साठ्यापासून पुढचा साठा पासष्ट ते सत्तर भौगोलिक मैलांवर होता. या दोन आकड्यांचा भागाकार करून पाहावा : रोज नऊ-दहा मैल. परतणाऱ्यांची मजल येथेच लिहून ठेवलेली होती.

पुढे ज्या घटना घडल्या, त्यांतील प्रत्येकीने या भागाकाराचा एकेक आकडा हलवला. ५ डिसेंबर १९११ पासून हिमनदीच्या पायथ्याशी चार दिवस वादळ झाले. चाल शून्य, पण शून्य मजलेचा दिवसही पूर्ण शिधा खातो. पुढच्या, उंचावरच्या वाटेसाठी राखलेल्या पिशव्या तेथेच फोडाव्या लागल्या. ४ जानेवारी १९१२ रोजी शेवटची साहाय्यक तुकडी परत फिरवताना स्कॉटने चौघांऐवजी पाचजण पुढे नेले. चारांच्या मापाने बांधलेले सारे पुढे पाच व तीन यांच्यात वाटावे लागले. त्याहून सूक्ष्म गोष्ट त्याने स्वतःच टिपून ठेवली आहे : पाचांसाठी रांधावयास चारांपेक्षा दिवसाकाठी सुमारे अर्धा तास अधिक लागतो. अर्धा तास ही किरकोळ बाब वाटेल. पण तो चालीतून जातो किंवा झोपेतून, आणि त्यात जास्तीचे रॉकेल जळते.

शिधा चार गोष्टी मागतो, असे वर म्हटले. ध्रुवीय प्रदेशात त्यांतल्या पहिल्या दोन एकच होतात. पाणी म्हणजे वितळवलेला बर्फ, म्हणून पाणी म्हणजे रॉकेल. परतीच्या वाटेवर बर्फफलकावरच्या साठ्यांत रॉकेल अपेक्षेपेक्षा कमी निघाले. डब्यांच्या झाकणांतील चामड्याच्या चकत्यांनी थंडी-उन्हात दगा दिला आणि डबे न उघडताच तेल उडून गेले, असे त्याचे कारण सांगितले जाते. अन्न होते, पण ते गरम करण्याचे साधन तुटपुंजे. पाणी कमी, कपडे व बूट वाळवण्यास ऊब नाही. सकाळी गोठलेले बूट पायांत चढवण्यातच बराच वेळ जाऊ लागला. इंधनाची तूट अशा रीतीने चालीची तूट झाली. त्यातच थंडी. हवामानशास्त्रज्ञ सुझन सॉलोमन यांनी २००१ मधील आपल्या ग्रंथात दाखवले आहे की, त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून बर्फफलकावरील तापमान नेहमीपेक्षा बरेच खाली होते. उणे तीस-पस्तीस अंशांखाली स्लेजच्या पट्ट्यांखाली बर्फ वितळून ओलावा धरत नाही, आणि गाडी वाळूवरून ओढल्यासारखी जड जाते. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात अकरा-बारा मैल पडत होते. मार्चमध्ये सहावर आले आणि त्याखालीही गेले.

याखेरीज एक तूट अशी होती, की ती कोणत्याच तक्त्यात नव्हती. स्लेज स्वतः ओढणाऱ्या माणसाला दिवसाला साडेचार हजारांहून पुष्कळ अधिक उष्मांक लागतात, हे पुढे प्रत्यक्ष मापनाने सिद्ध झाले. १९९२-९३ मध्ये रॅनल्फ फाइन्स व डॉक्टर माइक स्ट्राउड हे दोघे ९५ दिवस अंटार्क्टिकावरून स्लेज ओढीत चालले. त्या वेळी स्ट्राउड यांनी शरीरात खर्च होणारी ऊर्जा समस्थानिकांच्या साहाय्याने मोजली. खर्च सहा-सात हजारांच्या पातळीवर आणि चढणीच्या काही दिवसांत दहा हजारांच्याही वर गेलेला आढळला. पाच हजारांहून अधिक उष्मांक रोज खाऊनही दोघांचे वजन वीस किलोंहून अधिक घटले. या मापाने स्कॉटच्या तुकडीची तूट रोज किमान पंधराशे धरली, आणि एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक असतात हे ध्यानात घेतले, तर शंभर दिवसांत माणशी वीस किलो होतात. म्हणजे हे प्रवासी स्लेजवरच्या शिध्याबरोबर स्वतःच्या अंगावरचाही शिधा खात होते. या साठ्याचे वैशिष्ट्य असे की, तो संपत आल्याचे लगेच कळत नाही. जानेवारीत कमी खाल्ले त्याचा परिणाम जानेवारीच्या चालीवर दिसत नाही. तो फेब्रुवारी-मार्चच्या चालीवर दिसतो. अन्न व चाल एकमेकांवर अवलंबून आहेत, एवढे म्हटल्याने भागत नाही. त्यांच्यामध्ये काही आठवड्यांचे अंतर असते. म्हणून फेब्रुवारीअखेर सरासरी ठीक दिसत होती. सरासरी मागच्या दिवसांची असते, आणि त्या दिवसांचे कर्ज पुढच्या दिवसांवर लिहिलेले असते.

११ मार्च १९१२ रोजी स्कॉटने रोजनिशीत एक छोटा हिशेब मांडला. सात दिवसांचे अन्न आहे. 'वन टन' साठा सुमारे पंचावन्न मैलांवर. रोज सहा मैल या चालीने सात दिवसांत बेचाळीस होतात. परिस्थिती आणखी बिघडली नाही तरी तेरा मैल कमी पडतात. या लेखात जे काही सांगावयाचे आहे, ते त्या चार आकड्यांत सामावलेले आहे. अंतर, दिवस, मजल आणि तूट : दोन कागद येथे एका ओळीत आले. फरक एवढाच की हा हिशेब आराखड्याच्या टेबलावर करावयाचा असतो, आणि तेथे सहाचा आकडा कोणी धरला नव्हता. नऊ-दहाचा भागाकार ज्यांनी केला, त्यांच्या मनात उन्हाळ्यातली, पोट भरलेली, पाय शाबूत असलेली माणसे होती.

त्या साठ्याच्या जागेचाही इतिहास आहे. तो ८० अंश दक्षिणेवर ठेवावयाचा होता. परंतु फेब्रुवारी १९११ मध्ये तट्टे थकल्यामुळे तो ७९ अंश २९ कलांवर, म्हणजे सुमारे ५७ किलोमीटर अलीकडे ठेवला गेला. स्कॉट, विल्सन व बावर्स यांचा शेवटचा तंबू त्या साठ्यापासून ११ भौगोलिक मैलांवर, सुमारे २० किलोमीटरांवर, उभा होता. दोन दिवसांचे अन्न शिल्लक होते, रॉकेल जेमतेम एका वेळचे, आणि बाहेर वादळ. शेवटची नोंद २९ मार्चची आहे.

रोआल्ड आमुंडसेन आणि त्याचे चार सोबती १४ डिसेंबर १९११ रोजीच ध्रुवावर पोचले होते. त्यांच्या यशाचे श्रेय कुत्र्यांना दिले जाते, व ते योग्यही आहे. कुत्रे ओझे ओढतात आणि ठरलेल्या जागी स्वतः अन्न होतात, असा तो कठोर हिशेब होता. परंतु चालीविषयीचे त्याचे धोरण अधिक विचारात घेण्यासारखे आहे. चांगल्या हवेतही तो बहुधा पंधरा ते वीस भौगोलिक मैलांवर थांबत असे. मजल पाच-सहा तासांत उरकली, तरी उरलेला दिवस विश्रांतीत जाई. जी चाल वाईट दिवशीही जवळपास साधेल, तीच चांगल्या दिवशी ठेवावयाची. येथे मजल हे सरासरीतून निघालेले फळ नव्हते. ते आधी धरलेले माप होते आणि शिधा त्या मापाला बेतलेला होता. साठे ८०, ८१ व ८२ अंशांवर ठेवले होते. ते चुकू नयेत म्हणून वाटेला आडव्या रेषेत, दोन्ही बाजूंना कित्येक किलोमीटरपर्यंत निशाणे रोवलेली होती. म्हणजे धुक्यात वाट चुकलेल्या माणसालाही साठा शोधण्यात दिवस घालवावा लागू नये, ही व्यवस्था त्याने दिवसांच्याच भाषेत केली होती. परतीच्या वाटेवर त्याने माणसांचा पेमिकनचा वाटा कमी करण्याऐवजी वाढवला. २५ जानेवारी १९१२ रोजी, ९९ दिवसांनी, पाचहीजण तळावर परतले.

स्कॉटची वाट जाऊन-येऊन पायी पुरी करणे त्यानंतर शंभर वर्षे कोणाला जमले नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये बेन साँडर्स व टार्का लर्पिनिएर हे दोघे त्याच वाटेने निघाले. स्लेज हलक्या होत्या, रोजच्या शिध्यात साडेपाच हजारांहून अधिक उष्मांक होते, आणि परतीचे साठे उपग्रहांच्या साहाय्याने नोंदलेल्या जागी जाताना त्यांनी स्वतःच ठेवले होते. १०५ दिवसांत २,८८८ किलोमीटर चालून ते परत आले. मात्र ध्रुवावरून मागे फिरल्यावर पठारावर चाल अपेक्षेइतकी पडेना. पुढचा साठा अजून दूर असताना शिधा अर्ध्यावर आणावा लागला, आणि अर्ध्या शिध्यावर चाल आणखी घटली. जानेवारी २०१४ च्या आरंभी त्यांनी थांबून हिशेब केला. तो ११ मार्चच्या हिशेबासारखाच निघाला. त्यांच्याजवळ उपग्रहाद्वारे चालणारा दूरध्वनी होता. विमानाने अन्न आणून दिले आणि उरलेली वाट ते चालून गेले.